काठीवाल्याची ठकी

पूल या बिलियर्डसारख्या खेळात टेबलावरचे चेंडू मारायला जी काठी लागते, जिला क्यू म्हणतात, ती तो हाताने बनवायचा. त्यामुळे सगळे त्याला काठीवाला म्हणत आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत लाकूड फिरवत तासायचा लेथ, मागच्या खोलीत संसार. छताला अर्धवट काठ्या टांगलेल्या असायच्या. लाकूड थोडं तासायचं, टांगून ठेवायचं, त्याला काय वाकायचंय ते वाकून घेऊ द्यायचं, मग पुन्हा तासायचं. मुठीकडचा भाग काळसर, जड लाकडाचा. त्यात बारीक खाचा कोरून तो शिंपल्याच्या पाकळ्या नि चांदण्या बसवायचा, अशा की वरून नख फिरवलं तरी सांधा लागू नये. गिऱ्हाइकं तर काठी काचेवर लोळवून, एक डोळा मिटून, मुलगी बघायला आल्यासारखी निरखायची. हा हाताची घडी घालून शांत उभा. नापसंत करून कुणी गेल्याचं गल्लीत कुणाला आठवत नाही.

बायको तापाचं निमित्त होऊन गेली तेव्हा लेक रांगत होती. ती लेथपाशी लाकडी बाहुलीसारखी गप्प बसून राहायची, म्हणून तो तिला ठकी म्हणायला लागला. पुढे ती गप्प राहिली नाही, पण नाव राहिलं. भुशात घर कर, सालपटांच्या बांगड्या कर, असे तिचे उद्योग. शिंपल्याचे तुकडे तीच निवडून द्यायची. "बाबा, हा नको घेऊस, हा रुसलाय," असं म्हणून एखादा तुकडा बाजूला ठेवायची, आणि बापही तो मुकाट्याने बाजूलाच राहू द्यायचा.

शाळेत जायला लागल्यावर तिला खोकला सुरू झाला. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं. मग एका दुपारी तो काळं लाकूड तासत असताना ती दाराशी उभी राहिली आणि तिला श्वासच घेता येईना. ओठ निळे पडले. त्याने लेथ तसाच चालू टाकला, तिला उचललं आणि दवाखान्यापर्यंत पळत गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. लाकडाचा बारीक भुसा मुलीच्या छातीला सोसत नाही, आणि हे दर खेपेला वाढत जाणार, असं त्यांनी सांगितलं. त्याने औषध विचारलं. औषध मिळेल, त्या म्हणाल्या, पण भुसा आणि मुलगी एका घरात राहू शकणार नाहीत.

त्याने जंग जंग पछाडलं. लेथ उचलून रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये नेला. घर धुऊन काढलं, गाद्या बदलल्या. कामाचे कपडे शेडमध्येच उतरवायचे, नळाखाली अंग घासायचं, मगच घरी. तरी भुसा कुठून तरी यायचाच. कानाच्या पाळीमागे राहायचा, भुवयांत राहायचा. एका संध्याकाळी ठकी पळत येऊन त्याच्या गळ्यात पडली आणि घटकाभरात तिला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं. बापाला मिठी मारून पोर आजारी पडली, हे त्याला कुणाला सांगवेना.

त्याची थोरली बहीण बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहायची. कपडे शिवायची. तिला मूलबाळ नव्हतं. ती आली आणि म्हणाली की मुलीला मी नेते, तू दुसरं काम बघ, मग ये न्यायला. त्याला ते पटलं. निघताना ठकी पिशवी घेऊन रस्त्यात उभी, हा पलीकडे शेडच्या दारात. तिथूनच ती म्हणाली, "बाबा, तू आणखी एकदा आंघोळ करून बघ ना. मग मला जावं नाही लागणार."

आत्याने तिचा हात धरला आणि बसमध्ये बसवलं.

दुसरं काम त्याने बघितलंही. एका रंगाच्या दुकानात डबे उचलायला लागला. पण त्याच सुमारास एक नावाजलेला खेळाडू आला. कित्येक वर्षं स्वतःच्या मनात असलेली नक्षी त्याला काठीच्या मुठीवर हवी होती, आणि ती दुसरं कुणी करू शकणार नव्हतं. एवढी एक करतो आणि थांबतो, असं काठीवाल्याने स्वतःला बजावलं. ती झाली, लोकांनी पाहिली, आणि आणखी दोघे दारात उभे राहिले. खोटं कशाला, त्याला ते काम मनापासून आवडायचं. हातात लाकूड आलं की तो माणूस सुखी असायचा. पोर दूर आहे हे त्या वेळेपुरतं विसरायला व्हायचं. म्हणून तो आणखी काम घ्यायचा. असं करत करत महिन्यांची वर्षं झाली.

भेटायला मात्र तो जायचा. जाण्याआधी डोकं सफाचट करून घ्यायचा. बहिणीकडे त्याच्यासाठी कपड्यांचा वेगळा जोड धुऊन ठेवलेला असे. मागच्या दाराने न्हाणीघरात जायचं, अंग धुवायचं, तो जोड घालायचा आणि मग अंगणात बसायचं. सुरुवातीला ठकी पायरीवर त्याची वाट बघत बसायची. नंतर नंतर ती आतून सावकाश येऊ लागली. एकदा ती समोर येऊन बसली तेव्हा तिच्या मुठीत दम लागला की ओढायचा औषधाचा पंप होता. त्याला बघून काही होण्याआधीच तिने तो घट्ट धरून ठेवला होता. तिला भीती वाटत होती, आणि ती त्याच्याच येण्याची.

परत आल्यावर त्याने लेथ विकायला काढला. खुर्च्यांचे पाय करणाऱ्या एका सुताराने तो नेला. टांगलेल्या काठ्या, लाकूड, शिंपल्यांचा डबा, सगळं ज्याला हवं त्याला वाटून टाकलं. बहिणीच्या गावात एक खोली भाड्याने घेतली, लाँड्रीत इस्त्रीचं काम धरलं, आणि काही आठवडे रोज साबणाने घासघासून अंघोळ केल्यावरच तो बहिणीच्या दाराशी गेला. या वेळी पुढच्या दाराने.

दार ठकीने उघडलं. उंच झाली होती, आता वरच्या वर्गात होती. तिने आदराने खुर्ची पुढे केली, पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "तुम्ही बसा हं. आई दुकानात गेलीये, येईलच."

जन्मापासून ती त्याला तू म्हणत आली होती. आणि आई म्हणजे कोण, हे त्याला विचारावं लागलं नाही.

त्याने पाणी पिऊन घेतलं. मग आपण ते काम सोडल्याचं, इथेच राहायला आल्याचं सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा झाला होता. ठकीने ऐकून घेतलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, खरंच न कळल्यासारखं तिने विचारलं, "आता सोडलंत?"

तेवढ्यात बहीण आली, ठकीने तिला "आई, हे आलेत" म्हणून हाक मारली, तेव्हा बहीण दारातच अवघडून उभी राहिली. आत गेल्यावर ती त्याच्याजवळ रडली. मी कधी शिकवलं नाही रे, पोर आपणहूनच म्हणायला लागली, आणि मला थांबवायला जमलं नाही. तो म्हणाला, "बरं झालं, ताई. तिला कुणाला तरी आई म्हणायला मिळालं."

मग तो त्याच गावात राहिला. रविवारी जेवायला जायचा, ठकी आग्रहाने वाढायची, तब्येतीची चौकशी करायची. पाहुण्याला कुणी याहून चांगलं वागवलं नसतं. तिची छाती आता पुष्कळ सुधारली होती. दुखत होतं ते फक्त त्याचं, आणि तो ते बोलून दाखवत नसे. पूलचं टेबल असलेल्या हॉटेलावरून जायची वेळ आली की तो पलीकडच्या फूटपाथने जायचा.

शिक्षण संपवून ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली, तेव्हा बसपाशी ती आधी आत्याच्या पाया पडली, दोघी गळ्यात पडून रडल्या. मग ती वळली, क्षणभर थांबली, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तिने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "येते हं," म्हणाली. त्याने स्वतःचा श्वास रोखून धरला होता. तिचा श्वास मात्र अगदी नीट, सावकाश चालू होता. पण तिच्यापासून लांब ठेवायची सवय लागलेले हात काही वर उचलले गेले नाहीत. ते उचलायचे असतात हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत ती बसमध्ये चढली होती.

बस गेल्यावर बहीण म्हणाली की घरी चल, चहा घे. तो म्हणाला, नको, कपडे पडलेत इस्त्रीचे.