सहावा पाट

बाळ बाटली अर्धी टाकून झोपलंय आणि मी भिंतीला टेकून बसलेय. मांडी पार आखडलीय, पण हलायची सोय नाही. हलले की हा उठणार आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. दुपारची वेळ. बाहेर टेकडीच्या वाटेला बायकांचा नुसता कालवा चाललाय. आज त्रिपुरी पौर्णिमा, त्यात कृत्तिका नक्षत्र. वर्षात एवढा वेळच कार्तिकस्वामीचं दार आम्हा बायकांना उघडं असतं. एरवी बाईने त्याला पाहिलं तर सात जन्म विधवा होते म्हणतात. स्वतः आईवर रुसून डोंगरावर जाऊन बसला आणि शाप मात्र सगळ्या बायकांना. कुणाचा राग कुणावर काढावा याला काही धरबंध असतो की नाही, पण देवाला कोण विचारणार.

हे सकाळपासूनच टेकडीखालच्या मंडपात प्रसादाच्या कामाला गेलेत. शेजारच्या दोघी तिघी हाका मारून गेल्या. मी म्हटलं, जा बायांनो, मला पाठ टेकायला मिळाली तरी दर्शन घडल्यासारखं आहे.

हा माझ्या निलूचा मुलगा. निलू माझी एकुलती एक. हा झाला आणि तिचं रक्त थांबेचना, त्यातच ती गेली. तिचे यजमान, रणजीतराव, सैन्यात आहेत. लग्न ठरलं तेव्हापासून मी पोरीला त्या टेकडीकडे पाठ करून चालायला लावलं. पौर्णिमेलासुद्धा वर जाऊ दिलं नाही. लढाईवर जाणाऱ्याची बायको, उगाच विषाची परीक्षा कशाला? ज्याच्या जिवाला जपलं तो सरहद्दीवर सुखरूप आहे, देव त्याला तसाच ठेवो. जिच्या जिवाला काही धोका आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही, ती गेली. याचा मला फार राग आहे, आणि तो काढायला माणूस सापडत नाही.

तिसरा महिना सरत आला तरी बाळाच्या अंगावर मूठभर मांस नाही. पावडरचं दूध घेतं, घेतलं की ओकतं. डॉक्टरीणबाई त्याला काट्यावर ठेवतात, आकडा बघतात आणि ओठ मुडपतात. "कुणाचं अंगावरचं दूध मिळण्यासारखं आहे का, बघा लवकर," म्हणाल्या. आहे की. रणजीतरावांची बहीण सुवर्णा, कराडला दिलीय. तिची मुलगी अजून अंगावर पितेय. सुवर्णा रोज फोन करते, "मावशी, द्या त्याला माझ्याकडे, मी दोघांना पाजीन." मी रोज काहीतरी कारण काढते. थंडी आहे, खोकला आहे, हे घरी नाहीत. आज म्हणाली, "संध्याकाळी गाडी घेऊन येतेच आहे. आता तोंडावर नाही म्हणून दाखवा." दाखवीन की. माझ्या लेकीचं एवढंच काय ते उरलंय माझ्याकडे, ते पण उचलून देऊ?

संध्याकाळचं संध्याकाळी बघू, असं म्हणते आणि डोळे मिटते. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, तेव्हा झोप काय, नुसतं खाली खाली घसरल्यासारखं होतं.

"आई, जरा सरक ना," निलू म्हणते.

मी सरकते. ती माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसते. अंगात दवाखान्यातला हिरवा झगा, केस मात्र तेल लावून चापून बसवलेले. मी दचकत नाही. मनात येतं, आली एकदाची, आता हिच्या हातात पोर द्यावं आणि दोन घटका आडवं व्हावं.

"जेवलीस?" मी विचारते.

"मेलेल्या माणसाला काय विचारतेस, आई."

"मग काय विचारू? तूच सांग."

"काही नको विचारू. चल, रांगेत लागू."

रांग आमच्या स्वयंपाकघरातूनच चाललीय. बायका शेगडीच्या आणि मोरीच्या मधून एकेक पाऊल सरकतायत, हातात हळदीकुंकवाच्या कोयऱ्या. एकीने जाता जाता दुधाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. मला ओशाळल्यासारखं होतं, ओटा पुसायचा राहिलाय. मोरी ओलांडली की टेकडीच्या पायऱ्या लागतात. निलू अनवाणी पुढे चाललीय. तेवढ्यात माझ्या लक्षात येतं, माझी मांडी हलकी झालीय.

"बाळ कुठंय?"

"वर आहे."

"एकटं ठेवलंस त्याला?"

"एकटं कसं असेल? बायका आहेत तिथे."

मी पायरीवरच थांबते. "मी नाही येत वर. नक्षत्र सरलं असेल तर? तुझ्या बाबांचं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"बाबा खाली मंडपात शिरा ढवळतायत. तूप कमी पडलं म्हणून कुणाशी तरी हुज्जत चाललीय त्यांची. त्यांना काही होत नाही. चल."

चढता चढता पायऱ्या सपाट होतात आणि फिनेलचा वास येतो. हा दवाखाना. तोच लांबलचक व्हरांडा, तेच बाक. व्हरांड्याच्या टोकाला वजनकाटा आहे आणि काट्याच्या तबकात मोर बसलाय, पिसारा जमिनीवर लोळतोय. डॉक्टरीणबाई वाकून आकडा वाचतात. "देवाचं वाहन, पण वजन काही भरत नाही," म्हणतात आणि ओठ मुडपतात. मोर माझ्याकडे बघतो. तोही दमलेला दिसतो.

मी बाकावर बसते. याच बाकावर मला सांगितलं होतं. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि मी म्हणाले होते, हात काढा.

"इथून पुढे माझे पाय चालत नाहीत, निलू."

"माझेही नाही चालले," ती म्हणते. "म्हणून तर तुला आणलं."

ती बाळंतिणींच्या खोलीचं दार ढकलते. मी बघायचं नाही म्हणून डोळे घट्ट मिटते, सात जन्मांची सवय. मग वास येतो, ओवा आणि बाळंतशेपेच्या धुरीचा. इतका घरचा वास की डोळे आपसूक उघडतात.

हा गाभारा आहे. पण काळा दगड नाही, मूर्ती नाही. कोपऱ्यात देवाचा भाला उभा आहे, ज्या भाल्याने तारकासुराला मारलं तो, आणि भाल्यापासून खुंटीपर्यंत दोरी बांधून लंगोट वाळत घातलेत. मधे धुरीची शेगडी. भोवती पाटांवर बायका बसल्यात, केस सुटलेले, पाय पसरलेले, डोळ्यांखाली काळं. पाच जणी आहेत. प्रत्येकीच्या मांडीवर बाळाचं एकेक तोंड आहे आणि बाळ मात्र एकच आहे. हे कसं, ते मला तिथे अजिबात विचारावंसं वाटत नाही. चुटूचुटू दूध ओढल्याचा आवाज येतोय. तो आवाज मी या तीन महिन्यांत ऐकला नव्हता.

"या कोण गं?" मी निलूला हळूच विचारते.

"कृत्तिका," ती म्हणते.

त्यांतली थोराड बाई मान वर न करता बोलते. "ऋषींच्या बायका आम्ही. नवऱ्यांनी संशय घेऊन घराबाहेर काढलं. वाटेत हे बोरूच्या बेटात रडताना सापडलं. पाजणार नाही तर काय करणार?"

"आणि प्रत्येकीला आपणच पाजायचं होतं," दुसरी म्हणते. "कुणी मागे सरेना. भांडणं लागायची वेळ आली. मग यानेच सहा तोंडं काढली, कुणाला नाही म्हणायला लागू नये म्हणून. तेव्हापासून सहा जणींना झोप नाही."

"आणि मोठा झाल्यावर बायकांचं तोंड बघायचं नाही म्हणे," मी म्हणते. माझ्या जिभेला हाड नाहीच.

थोराड बाई हसते. "मोठेपणीचं कोण धरून बसतं, बाई? आम्हाला तो एवढाच ठाऊक आहे."

मी ओळीने सगळ्यांकडे बघते आणि माझं डोकंच फिरतं. पाचव्या पाटावर सुवर्णा बसलीय. एका मांडीवर तिची मुलगी, दुसऱ्या मांडीवर माझं बाळ.

"हिला इथे कुणी बोलावलं?"

"मी," निलू म्हणते.

"तू? मी इथे रात्रंदिवस मरमर मरतेय, आणि तू हिला बोलावतेस?"

निलू दोरीवरचा एक लंगोट काढते, झटकते, घडी घालत बसते. रागावली की ती असंच करायची, तोंडाने काही नाही, हाताने कामं.

"आई, हा कार्तिकस्वामी सात दिवसांचा होता," ती म्हणते. "सात दिवसांचं पोर, आणि देवांनी त्याच्या हातात भाला दिला. सेनापती केलं. का, तर त्यांना कुणाला तो राक्षस मारता येत नव्हता म्हणून. कुणी विचारलं नाही की बाबा तुझं पोट भरलंय का."

"मग? मी काय भाला दिलाय याच्या हातात?"

"अंघोळ घालताना काय म्हणतेस त्याला?"

मी दोरीवरचे लंगोट मोजायला लागते.

"रोज म्हणतेस. ऐकलंय मी. 'तूच माझी निलू.' डोक्यावर पाणी घालतेस आणि म्हणतेस, 'तूच माझी निलू परत आलीस.' एवढासा जीव आहे तो. त्याला दूध पचत नाही, आणि मी गेले ते सगळं त्याने भरून काढायचं?"

माझ्या छातीत कळ येते. एवढं रडू येतं, पण स्वप्नात डोळ्यांतून पाणी काही येत नाही.

"मला तुझ्याशिवाय करमत नाही गं," मी म्हणते. "त्याला दिलं की मी एकटी. मग मी कशाला उठू सकाळी?"

"माहीत आहे," ती म्हणते. "तिकडे बघ."

एक पाट रिकामा आहे. सहावा. बाळाचं सहावं तोंड त्या पाटाकडे वळलेलं, उघडं. रडत नाही. नुसतं उघडं.

"बस की तू," मी निलूला म्हणते. "तुझाच मान आहे तो."

"माझ्याकडे काही नाही आता, आई."

ती हे इतकं साधं म्हणते की मला तिला जवळ घ्यावंसं वाटतं, पण मधे शेगडी आहे.

"माझ्याकडे तरी काय आहे?" मी म्हणते. "पन्नाशी उलटलीय माझी."

"मांडी आहे. दूध सुवर्णा देईल. रात्री छातीशी धरून फेऱ्या कोण घालणार? पोट दुखलं की शेक कोण देणार? तिला तिचं एक आहे. तिला तरी कुठे जमणार आहे एकटीला?"

"म्हणजे मी जाऊन राहू तिच्याकडे? लेकीच्या सासरचं पाणी पिताना दहादा विचार करणारी बाई मी, आणि लेकीच्या नणंदेच्या सासरी बिऱ्हाड घेऊन जाऊ? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारी चक्रम आहे," निलू म्हणते. "ते आत्ताही म्हणतात."

कृत्तिका हसतात, सगळ्या एकदम, तोंडावर पदर घेऊन. सुवर्णाही हसते आणि सरकून मला जागा करून देते. मी पाटावर बसते. गुडघे वाजतात. निलू मागून माझ्या खांद्यावर हात ठेवते. हा हात काढ असं मी म्हणत नाही.

"बाबांचं जेवणाचं?" मी विचारते.

"आणलाय ना शिरा," ती म्हणते. आवाज लांबून येतो.

मी मान वळवते, आणि जाग येते ती दुखल्यामुळे.

भिंत. उन्हाची तिरीप फरशीवर आलीय. पदर बाजूला पडलाय, पोलक्याची बटणं झोपेत माझी मीच सोडलीत, आणि बाळ माझ्या अंगाला लागलंय. डोळे मिटून, मुठी आवळून, सगळा जीव गोळा करून ओढतंय. बाटलीला त्याने असं कधी तोंड लावलं नाही. इथे थेंब नाही, तरी सोडत नाही.

"अरे बाबा, नाही रे त्यात काही," मी म्हणते.

करंगळी घालून त्याचं तोंड सोडवते. छातीवर गोल लाल वळ उमटलाय, चांगला टपोरा. मला वाटतं आता हा आकांत करणार. तो रडत नाही. माझ्याकडे बघतो आणि तोंड उघडून दुसऱ्या बाजूला शोधायला लागतो. रडते ती मीच.

मग एका हाताने फोन लावते.

"सुवर्णा, कुठवर आलीस?"

"उंब्रज मागे टाकलं, मावशी. आणि तुम्ही येऊ नको म्हणायला फोन केला असेल तर मला ऐकू येत नाही, सांगून ठेवते."

"वाटेत चहाला वगैरे थांबू नकोस. त्याला भूक लागलीय."

ती सावकाश विचारते, "म्हणजे द्याल ना त्याला?"

"त्याला ने. आणि मागच्या सीटवर माझी जागा ठेव."

"तुम्ही येताय? आमच्याकडे? राहायला?"

"का? बसायला एखादा पाट नाही तुझ्याकडे?"

"आहे, मावशी," ती म्हणते. "आहे की."

फोन ठेवते. बाळाला खांद्यावर टाकते आणि पोलक्याची बटणं लावते. वळ कापडाखाली हुळहुळतोय. लुगडी दोन घ्यावीत की चार, ते ठरत नाही, म्हणून चार घेते.