पातळाच्या घडीतला व्हॉल्व्ह

उतारवयात लेखणी हाती घेण्याच्या धाडसाबद्दल क्षमा असावी. कुठे तारा जोडताना डाख दिल्याचा वास आला, की वडिलांचा व्हॉल्व्हचा जुना रेडिओ आठवतो. ते गेल्यावर अड्यारच्या घरी मी तो दुरुस्त केला. पण सायंकाळी बोललेला रेडिओ सकाळी मुका होता, आतला काचेच्या दिव्यासारखा एक व्हॉल्व्हच नाहीसा झाला होता. मदतीला येणाऱ्या शेजाऱ्याकडे माझी नजर पुनःपुन्हा वळू लागली. “सार, खिसे उलटे करून दाखवू का?” तो हसला आणि माझा संशय अधिकच बळावला. दुपारी आईची पातळे कपाटात ठेवताना एका घडीत व्हॉल्व्ह हाती लागला. “कण्णा, तुझे वडील जन्मभर त्या पेटीशीच बसले, आता तूही?” आई म्हणाली. मी तो घडीत परत ठेवला. आज आई नाही, व्हॉल्व्ह तिथेच आहे. तो रेडिओत बसवावा का?