अकरा बिंदूंचा ग्राफ

माझ्या पीएचडीतला मुख्य सिद्धांत चुकीचा आहे हे मला एका मुलीनं दाखवलं, आणि मी तिला सांगितलं की तुझा प्रोग्राम कुठेतरी चुकतोय.

पदवी मिळून तेव्हा मला दीड वर्ष झालं होतं. गंगेकाठच्या आमच्या शहरातल्या एका कॉलेजात मी तात्पुरती शिकवत होते. तिथल्याच कायमच्या जागेची मुलाखत महिन्याभरावर आली होती. आमचं घर रामघाटाच्या वरच्या गल्लीत. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडील जवळच्या वेदपाठशाळेत आयुष्यभर शिकवून आता घरीच असायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, असंच आमचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. बाहेरचं हिंदी बोलणं इथे मी बरंचसं मराठी करूनच सांगतेय. दर शनिवारी मी मैदागिनच्या चौकापर्यंत चालत जायची आणि तिथून टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, धरून विद्यापीठात. माझ्या गाइड मॅडमनी मला सांगितलं होतं, की नवीन मुलगी हुशार आहे, पण बोलत नाही, तिच्याकडे जरा बघत जा.

ती बलिया जिल्ह्याकडची होती. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. मला दीदी म्हणायची आणि माझा शोधनिबंध तिला अक्षरशः पाठ होता. तिचा पूर्ण प्रबंध माझ्या एका सिद्धांतावर उभा राहणार होता.

तो सिद्धांत काय होता हे थोडक्यात सांगायला हवं. कागदावर काही बिंदू काढा आणि त्यांतले काही रेषांनी जोडा. झाला ग्राफ. कुठल्याही एका बिंदूपासून रेषारेषांनी चालत गेलं, तर त्याला सर्वांत दूरचा बिंदू किती पावलांवर पडतो, ती त्या बिंदूची उत्केंद्रता. प्रत्येक बिंदूची उत्केंद्रता त्याला जोडलेल्या रेषांच्या संख्येनं गुणायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. असा एकच आकडा सबंध ग्राफबद्दल काहीतरी सांगतो. रसायनशास्त्रवाले रेणूंसाठी असे आकडे वापरतात. मी काय सिद्ध केलं होतं? अमुक इतके बिंदू, अमुक इतकी वर्तुळं आणि आणखी काही ठरावीक अटी असलेल्या ग्राफमध्ये ही बेरीज जास्तीत जास्त कुठवर जाऊ शकते. वरची सीमा. त्या सीमेच्या पलीकडे एकही ग्राफ जाणार नाही, असं मी लिहून दिलं होतं आणि ते छापलंही गेलं होतं.

त्या शनिवारी ती मुलगी संगणकाच्या खोलीच्या दाराशीच उभी होती. हातात एक कागद होता, त्यावर पेनानं काढलेले अकरा बिंदू.

"दीदी, एक छोटी-सी बात है," ती म्हणाली. "मी प्रोग्रामनं सगळे ग्राफ तपासत होते. अकरा बिंदूंपर्यंत सगळे तुमच्या सीमेच्या आत आहेत. हा एक सोडून. तुमच्या सूत्रानं एकशे सोळा येतात, आणि हा एकशे अठरा दाखवतोय. प्रोग्राममें ही गलती होगी ना?"

मी कागद हातात घेतला. दोन वर्तुळं, मधे एक छोटी फांदी आणि एक लांब शेपूट. काही मोजायच्या आधीच चुकलेली जागा मला दिसली. माझ्या पुराव्यात एक पायरी होती, की एखादी फांदी एका बिंदूवरून काढून दुसऱ्यावर लावली तरी सर्वांत दूरचं टोक तेच राहतं. ते मी "उघड आहे" असं म्हणून पुढे गेले होते. त्या चित्रात फांदी हलवल्यावर दूरचं टोक बदलत होतं. साफ दिसत होतं.

"प्रोग्राम बघ," मी म्हणाले. "अंतरं मोजताना कुठेतरी एक जास्त धरलं जातंय. कागद राहू दे माझ्याकडे, मी पण बघते."

तिनं मान हलवली. तिला बरं वाटलं हे मला दिसलं. तेच मला नंतर सर्वांत जास्त छळत राहिलं.

घरी येऊन मी दुपारीच बसले. बोटं मोजावीत तशी अंतरं मोजली. एकशे अठरा. बिंदूंना वेगळे आकडे देऊन पुन्हा मोजलं. एकशे अठरा. तिसऱ्यांदा मोजताना वडील चहा घेऊन आले आणि त्यांनी विचारलं, "ताप आहे का गं? मघापासून तेच तेच मोजतेयस."

"नाही बाबा. एक हिशोब जुळत नाहीये."

तो कागद मी गणिताच्या एका जाड पुस्तकात घालून ठेवला, आणि ते पुस्तक कपाटात सर्वांत खाली.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगणं अवघड आहे, कारण बाहेरून काहीच घडत नव्हतं. मी कॉलेजात जात होते, फळ्यावर लिहीत होते. पण प्रत्येक ओळीनंतर मागे वळून बघायची सवय लागली, जणू बाकावरून कुणीतरी उठून म्हणेल, हे चूक आहे. फोन थरथरला की मॅडमचाच असेल असं वाटे. मुलाखतीत कोण कोण बसेल, त्यांतल्या कुणी अकरा बिंदू काढून बघितले असतील का, याचाच विचार. माझ्याकडे दाखवण्यासारखा तो एकच निबंध होता. पदवी परत घेतात का, हे मी फोनवर शोधलं आणि शोधल्याची नोंद पुसून टाकली. कोण बघणार होतं माझा फोन? तरी पुसली.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "दीदी, देख लिया आपने?"

पहिल्या वेळी मी नुसतीच घाबरून बोलले होते. या वेळी मला सगळं माहीत होतं.

"बघितलं," मी म्हणाले. "माझ्या हिशोबानं एकशे चौदा येतात. तुझ्या प्रोग्राममध्येच आहे काहीतरी."

"जी दीदी," ती म्हणाली. "मैं फिर से लिखती हूँ."

फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले. एकशे चौदा हा आकडा मी कुठून आणला, मला आजही सांगता येणार नाही.

त्या आठवड्यात गंगा चढत होती. पंचगंगा घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या, नावा वर बांधल्या गेल्या. वडिलांना रोज संध्याकाळी पाणी कुठवर आलं ते बघायला जायचं असे, आणि त्यांना धरून न्यायला मी. बालाजी घाटाच्या वर आम्ही नेहमीच्या जागी टेकलो होतो. अजून उजेड होता. मी एकदम विचारलं, "बाबा, तुम्ही वेद म्हणताना कधी चुकलात? म्हणजे मोठ्या ठिकाणी?"

मला वाटलं ते म्हणतील, कधीच नाही. त्यांचा तसा लौकिकच होता.

"एकदा," ते म्हणाले. "तू झाली नव्हतीस तेव्हा. एका घरी पारायण होतं. आम्ही दोघं जोडीनं म्हणत होतो. माझ्याकडून एक पूर्ण वाक्य सुटलं. शेजारचा अडखळला. त्यानं माझ्याकडे बघितलं."

"मग?"

"मी पुढे म्हणत गेलो. जोरात. त्याला वाटलं, त्याचंच काही राहिलं. सगळ्यांसमोर तोच थांबला, आणि वडीलधाऱ्यांनी त्यालाच बोल लावला."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"नाही."

"नंतर?"

"नंतरही नाही." त्यांनी धोतराचा सोगा उगाचच सारखा केला. "तो चौखंब्याच्या गल्लीत राहतो अजून. समोरून येताना दिसला की मी गल्ली बदलतो. त्याला वाटतं माझी नजर गेली."

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही मला काही विचारलं नाही. येताना त्यांनी माझा दंड नेहमीपेक्षा घट्ट धरला होता, पण कदाचित पायऱ्या निसरड्या होत्या म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी शनिवार नव्हता, तरी मी कॉलेजात रजा टाकून विद्यापीठात गेले. टोटोत बसल्यावर दोनदा वाटलं, उतरावं. विद्यापीठाच्या अलीकडे, लंकेच्या चौकात खरोखरच उतरले, आणि बाकीचं अंतर चालत गेले, म्हणजे तेवढाच उशीर.

ती संगणकाच्या खोलीत एकटी होती. टेबलावर प्रोग्रामच्या छापील पानांचा गठ्ठा, प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची खूण. डोळे सुजलेले. मला बघून ती घाईनं उठली.

"दीदी, मी तीन वेळा पहिल्यापासून लिहिला," ती म्हणाली. "तिन्ही वेळा एकशे अठराच येतात. हातानंही केलं. मला वाटतं मला अंतराची व्याख्याच नीट कळलेली नाही. पापा को बोल दिया है, शायद छोड़ दूँ."

"काय सोडणार?"

"पीएचडी."

मी खुर्चीत बसले. बोलायचं जे ठरवून आले होते त्यातलं काहीही आठवेना.

"एकशे अठराच आहेत," मी म्हणाले. "तुझा प्रोग्राम बरोबर आहे. माझा सिद्धांत चुकीचा आहे."

तिनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "आपको कब पता चला?"

इथे खोटं बोलणं फार सोपं होतं. काल, आज सकाळी, काहीही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "तू कागद दाखवलास त्याच दिवशी."

तिनं गठ्ठ्यावर हात ठेवला. तिचा चेहरा रागानं लाल वगैरे झाला नाही. ती फक्त माझ्यापासून जरा मागे सरकली, जसं आपण अनोळखी माणसापासून सरकतो. "सहा दिवस," ती हळू म्हणाली. आणि मग, "एकशे चौदा कुठून आले होते?"

मी उठले आणि मॅडमकडे जाऊ म्हणाले.

मॅडमकडे आम्ही दोघी गेलो. मी सगळं सांगितलं, एकशे चौदासकट. मॅडमनी चष्मा काढला, कागदावरचे बिंदू स्वतः मोजले, दोनदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गलती मैंने भी पढ़ी थी. मेरा भी नाम है उसपर. चूक दोघींची. पण ते सहा दिवस तुझे एकटीचे." नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र त्यांनी तिथंच, आमच्यासमोर लिहायला घेतलं.

"मॅडम, मुलाखत आहे माझी," मी म्हणाले. ते शब्द तोंडातून गेले आणि मला माझाच आवाज ऐकवेना.

"मालूम है," त्या म्हणाल्या आणि लिहीत राहिल्या.

मुलाखतीत मी स्वतःहून सांगितलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. कुणी विचारेल याची वाट बघत बसणं मला सहन होईना, इतकंच. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, मग आता तुमच्याकडे उरलं काय? मी म्हणाले, जिथे दूरचं टोक बदलत नाही तेवढ्या ग्राफसाठी तो सिद्धांत अजून खरा आहे. त्या वर्षी जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्याला ती दुरुस्ती कारण होती की नाही ते मला कुणी सांगितलं नाही. मी तात्पुरतीच राहिले. दोन वर्षांनी दुसऱ्या कॉलेजात लागले.

त्या मुलीनं सोडलं नाही. पहिली दोन प्रकरणं तिला टाकून द्यावी लागली, सात-आठ महिने गेले. पण त्या अकरा बिंदूंपासून सुरुवात करून तिनं नवी सीमा शोधली, माझ्याहून सैल, पण खरी. मी शनिवारी जाणं चालू ठेवलं होतं. ती प्रश्न विचारायची, मी उत्तर द्यायची, आणि माझं प्रत्येक उत्तर ती माझ्यासमोरच पुन्हा तपासायची. तिचं तपासून होईपर्यंत मी थांबायची.

तिच्या तोंडी परीक्षेला मी मागच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेले परीक्षक हसतमुख होते. त्यांनी विचारलं, "हे प्रतिउदाहरण छान आहे. जुना निकाल चुकीचा आहे हे कसं लक्षात आलं? जरा सांगा त्याची गोष्ट."

खोलीत सगळा विभाग होता, माझे जुने शिक्षक होते. तिनं सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. ती माझ्यावर आली, तिथं थांबली. मी मान खाली घालायची नाही असं ठरवलं होतं, तेवढं जमलं.

"प्रोग्रामने दिखाया, सर," ती म्हणाली. "पहले मुझे लगा मेरी गलती है." आणि तिनं पुढची स्लाइड लावली.

नंतर मिठाई वाटली गेली. मी तिच्याजवळ जाऊन अभिनंदन म्हणाले, आणि मग, "सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"जानती हूँ," ती म्हणाली. पेढ्याचा डबा तिनं माझ्यापुढे धरला. मी एक उचलला. तेवढ्यात कुणीतरी तिला फोटोसाठी हाक मारली आणि ती गेली.

ती आता दक्षिणेतल्या एका संस्थेत आहे. तिचे निबंध मी वाचते. वाचताना प्रत्येक पायरी मी हातानं तपासते. त्यांत चूक सापडली तर पहिल्या दिवशीच तिला कळवायचं, असं मी ठरवलेलं आहे. अजून सापडलेली नाही. पण तिचं नाव पडद्यावर दिसलं की अजूनही मी वाचायला सुरुवात करण्याआधी दोन घोट पाणी पिते.