गेलेल्या मतदारसंघातली इलेक्शन ड्युटी

इलेक्शन ड्युटी केलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत. ते तोंडाशीच असतात. कुणीतरी नुसतं "त्या वर्षी..." म्हणायचा अवकाश!

शेलूबाजारच्या स्टँडसमोर आम्ही तिघं रोज चहाला बसतो. मी रिटायर्ड मास्तर. इंगोले बाबू तहसीलच्या निवडणूक शाखेत होते. आणि शकीलभाई, ज्यांची जीप दर निवडणुकीला सरकार ताब्यात घ्यायचं, ड्रायव्हरसकट. तिघांनीही ड्युटी केली ती वाशीम लोकसभा मतदारसंघात. तो मतदारसंघ आता नाही. पुनर्रचना झाली, रिसोड-मालेगावकडचा भाग अकोल्याला गेला आणि उरलेलं वाशीम यवतमाळच्या मागे जोडलं. मतदारसंघ गेला, पण ड्युटीचा घाम अजून वाळला नाही.

* * *

माझी पहिली ड्युटी मतपत्रिकांच्या काळातली. दुपारी एक म्हातारेबुवा कागद घेऊन आडोशाला गेले, बाहेर आले आणि पेटीला हात न लावता सरळ दाराबाहेर!

एका उमेदवाराचा एजंट ओरडला, "बाबानं पेटीत काहीच नाही टाकलं!"

आमचे केंद्राध्यक्ष पांढरे पडले. मतपत्रिका बाहेर जाणं म्हणजे सस्पेन्शन, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये तीनदा सांगितलं होतं. "पळा!" म्हणाले. मी आणि होमगार्ड गावभर पळतोय, गल्लीगल्लीत विचारतोय. पायातली एक चप्पल कुठे गेली, ते आजतागायत कळलं नाही.

बुवा घरच्या ओट्यावर सापडले. मांडीवर मतपत्रिका पसरलेली, शेजारी सून बसून एकेक नाव वाचत होती.

"बाबा, हे काय केलं?"

"मले दिसत नाही ना बापा! कोनकोन उभं हाय, ते वाचून घेऊन राह्यलो. शिक्का माराले येतच होतो."

कागद जप्त झाला. नियमाप्रमाणे रद्द करून पाकिटात घातला. बुवा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "रद्द? अन मी तं अजून कोनाले देल्लंच नाही!"

* * *

पुढं मशीन आलं. ती जुन्या मतदारसंघाची शेवटची निवडणूक, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? मी झोनल ऑफिसर होतो, दहाएक केंद्रांवर लक्ष ठेवायला. आसेगावकडच्या एका केंद्रावर मशीन बंद पडलं. राखीव मशीन घेऊन आम्ही शकीलभाईंच्या जीपमधून भर दुपारी निघालो. उन्हानं डांबर मऊ झालेलं. मधल्या एका गावाजवळ टायर फुटला, आणि बघता बघता पन्नासेक माणसं जीपभोवती जमली.

"मशीन कुठी घेऊन चालले?"

"बदलून राह्यले रे! उतरवा खाली!"

मी ऑर्डर दाखवतोय, पण कागद वाचायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. एकानं दाराच्या हँडलला हात घातला. मागच्या सीटवरच्या पोलिसाचा हात काठीवर गेला. तिकडे केंद्रावर रांग उन्हात ताटकळलेली.

शकीलभाई शांतपणे खाली उतरले. जीपची चाबी काढून दारावरच्या माणसाच्या हातात दिली.

"घे भाऊ. गाडी माही, मशीन सरकारचं, मत तुमचं. चाबी तुह्याजवळ हाय तोवर कोनी पळत नाही. आता मले टायर बदलू दे."

तो माणूस चाबीकडे बघतच राहिला. मग कुणीतरी विचारलं, "जॅक कुठी हाय?"

"जॅक तुटलेला हाय."

मग त्याच माणसांनी जीप उचलून धरली! टायर बसला. चाबीवाला केंद्रापर्यंत आमच्यासोबत आला आणि मशीन सुरू झाल्याची शिट्टी ऐकल्यावरच त्यानं चाबी परत दिली.

* * *

मतदारसंघ तुटल्यावर सगळा राग इंगोले बाबूंच्या टेबलावर येऊन पडला. एकदा एक शेतकरी नकाशाच आपटून उभा राहिला. त्याचं घर मालेगाव तालुक्यात, वावर मंगरूळपीर तालुक्यात.

"म्हंजे घरी अकोल्याचा खासदार अन वावरात यवतमाळचा? मंग पान्यासाठी मी फोन कोनाले करू? ते सांगितल्याबिगर मी इथून हलत नाही!"

माणूस खरंच हलेना. शिपाई दारातच थबकलेला. इंगोले बाबूंनी चष्मा पुसला.

"तुमाले तहान कुठी लागते, त्याच्यावर हाय."

क्षणभर वाटलं, तो कडाडणार. पण एकदम खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मंग आधी इथंच पाजा!"

* * *

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

मतदारसंघ तुटल्यानंतरची एक निवडणूक. आमचं, म्हणजे यवतमाळकडचं, मतदान आधी होतं, मालेगावकडचं त्यानंतर. मी जवळच्याच एका गावात केंद्राध्यक्ष. सकाळी अकराच्या सुमाराला सरुबाई नावाची बाई आली. तिच्या लेकीनं मनाविरुद्ध लग्न केलं होतं, मालेगावला राहायची. सात वर्षं मायलेकींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, हे अख्ख्या गावाला माहीत.

यादीत सरुबाईच्या खालीच लेकीचं नाव, आणि त्याखाली लाल रेघ. म्हणजे मतदान झालेलं!

नुकताच पाळी बदलून बसलेला एजंट उठून उभा राहिला. "बोगस हाय हे! पोरगी गावात राहतच नाही! अन तीच आली असंल, तं तिकडंही टाकंल ना मत! पोलिसाले बोलवा!"

दुसरा एजंट त्याच्या अंगावर धावला. रांग दारात घुसली. मी टेबलावर हात आपटला, सगळ्यांना मागे ढकललं आणि रजिस्टर सरुबाईसमोर ठेवलं.

"माय, ही सही कोणाची?"

तिला वाचता येत नव्हतं. तिनं सहीवर बोट ठेवलं आणि अक्षरांवरून हळूहळू फिरवलं.

"तिचीच हाय. शाळेत होती तं कोयश्यानं भितीवर हेच गिरवे. मी रोज सारवून टाको."

एजंट खुर्चीत परत बसला. शाई लावणाऱ्या मॅडमनी सरुबाईचं बोट हातात घेतलं. बाईनं अगदी हळू विचारलं, "तिच्या बोटाले तुमीच शाई लावली ना? हातात बांगड्या होत्या का वो?"

"होत्या. हिरव्या. भरून होत्या."

सरुबाई पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली. मशीनची शिट्टी वाजली. बाई काही बाहेर येईना. एक मिनिट, दोन मिनिटं. रांग थांबलेली, एजंट खाली मान घालून बसलेला.

मी हाक मारली, "माय, मत झालं का?"

आतून आवाज आला, "झालं, गुर्जी. तीबी इथंच उभी राह्यली असंल ना. थोडं थांबू द्या."