चंद्रोदय, स्थानिक वेळेनुसार

"शनिवारी तिकडे चंद्र किती वाजता उगवतो?" परबकाकूंनी विचारलं.

मी समोरच्या स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर विमानाच्या वेळा होत्या, हॉटेलचं चेक-इन होतं, बोटीची वेळ होती. चंद्र नव्हता.

"शनिवारी संकष्टी आहे," त्या म्हणाल्या. "चंद्र बघितल्याशिवाय मी जेवत नाही. तेव्हा हे राहू दे."

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाने, निखिलने, फोन खाली ठेवला. "आई, आता हे काय नवीन?"

"नवीन कसलं? तुझ्यापेक्षा जुनं आहे."

मी दादरच्या एका छोट्या ट्रॅव्हल कंपनीत काम करते. साडीच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे, त्यामुळे जिन्यात कायम कोऱ्या कापडाचा वास असतो. माझं काम बॅक ऑफिसचं, म्हणजे आयटिनररी बनवायचं. कुठल्या दिवशी कुठे जायचं, कशाने जायचं, कशानंतर काय, हे क्रमाने लावायचं. क्लायंटशी बोलायचं काम स्वातीचं, आणि मला ते बरं होतं. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यात स्वभाव असा. मी वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार करते, मग मराठीत आणते, तोवर समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. पण स्वाती भावाच्या लग्नासाठी सुट्टीवर होती आणि काउंटरवर मी बसले होते.

निखिलचा फोन आधीच्या आठवड्यात आला होता. थायलंड, क्राबी. शुक्रवारी पहाटे निघायचं, सोमवारी परत. आई आणि तो, दोघंच. "आणि शनिवारी रात्री पाण्याजवळ एक शांत टेबल हवं," तो म्हणाला. "मला आईला काहीतरी सांगायचंय. तिथे हळूच सांगीन. तुम्ही तिच्याकडे यातलं काही बोलू नका." काय सांगायचंय ते मी विचारलं नाही. तो माझा स्वभाव नाही, आणि आमचं कामही नाही.

काकू लालबागच्या. वडील गिरणीत होते, नवरा गिरणीत होता, मुलगा लॅपटॉपवर. परदेशात कधी गेल्या नव्हत्या. काउंटरवर बसल्यापासून त्या एकेक अडचण काढत होत्या. गुडघे दुखतात. मी व्हीलचेअरची सोय दाखवली. तुळशीला पाणी कोण घालणार? शेजारीण घालेल, निखिल म्हणाला. तिकडचं खाणं? मी कोकणी माणसाला चालेल अशी माशांची, भाताची यादी सांगितली. मग संकष्टी आली.

सामंत सर, म्हणजे आमचे बॉस, याला ऑब्जेक्शन म्हणतात. क्लायंटने अडचण काढली म्हणजे तो नाही म्हणत नाही, असं त्यांचं मत. "एकेक ऑब्जेक्शन क्लोज करत जायचं. सगळी संपली की माणूस हो म्हणतो. त्याच्याकडे दुसरं काही उरतच नाही."

मी क्लोज करायला गेले. "काकू, तुम्ही उपास किती वाजता मोडता?"

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मोडत नाहीत गो बाय. सोडतात."

निखिल हसला. माझे कान तापले. मी घाईघाईने कॅलेंडर बघितलं. मुंबईचा चंद्रोदय साडेनऊच्या आसपास होता. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. "म्हणजे तिकडे अकरा वाजतील," मी सांगितलं.

"अकरा! ऐकलंस ना?" काकू मुलाला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. अकरा वाजेपर्यंत उपाशी राहावं लागेल हे ऐकून कुणाला बरं वाटावं, हे मला विचित्र वाटलं. मी ते लक्षात ठेवलं.

संध्याकाळी गिरगावात घरी आल्यावर ते अकरा वाजणं मला खटकायला लागलं. नीट शोधलं तर माझी चूक कळली. चंद्र काही आपल्या घड्याळाने चालत नाही. थायलंड आपल्या पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे तो आधीच उगवतो. घड्याळ जेवढं पुढे, जवळजवळ तेवढाच चंद्रही आधी. म्हणजे तिथल्या घड्याळातही साडेनऊच्या आसपासच. दीड तास मी उगीच वाढवून ठेवला होता.

शोधता शोधता आणखी एक दिसलं. क्राबीचा किनारा आपल्यासारखाच पश्चिमेला तोंड करून आहे आणि मागे उंच डोंगर. चंद्र डोंगराआडून येणार, म्हणजे वेळ होऊन गेल्यावरही वाट बघा. पण थायलंडच्या दुसऱ्या अंगाला समुद्र पूर्वेला आहे. बँकॉकहून गाडीने तीन-साडेतीन तासांवर हुआ हिन नावाचं गाव आहे. तिथे चंद्र सरळ पाण्यातून वर येतो. मी चौपाटीजवळ वाढले. आमच्या समुद्रात सगळं मावळतं. त्यातून काही उगवताना मी कधी बघितलेलं नाही.

निखिलला मेल केला. त्याचं दोन शब्दांचं उत्तर आलं: चालेल, थँक्स. मी नवी आयटिनररी बनवली. शनिवारच्या रात्रीपुढे, त्याच्या सांगण्याप्रमाणे, फक्त एवढंच लिहिलं: संध्याकाळ मोकळी.

दोन दिवसांनी काकू एकट्याच आल्या. हातात फुलबाजारातली पिशवी होती, वर शेवंती डोकावत होती. "मार्केटात आले होते, म्हटलं डोकावावं," म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

मी नवा कागद पुढे ठेवला. "काकू, जागा बदललीय. हुआ हिन. प्रचुआप खिरी खान प्रांतात आहे."

"कुठे?"

मी परत सांगितलं, या वेळी हळू.

"नावातच खीर? आणि मला उपास!"

"उपासाचीसुद्धा मिळते," मी म्हटलं. "साबुदाणा नारळाच्या दुधात शिजवतात. वर मका घालतात कधीकधी, तो घालू नका म्हणून हॉटेलला लिहिलंय. आणि चंद्र साडेनऊलाच आहे, अकराला नाही. माझी चूक झाली होती. समुद्रातून उगवतो तिथे."

बोलताना मला थोडा अभिमान वाटत होता. इतकं सलग मी काउंटरवर कधी बोलले नव्हते. पण काकूंचा चेहरा उतरत गेला. सगळी ऑब्जेक्शन्स संपली होती आणि त्यांच्याकडे, सर म्हणतात तसं, दुसरं काही उरलं नव्हतं.

"हुशार आहेस," त्या म्हणाल्या. मग पिशवीतली शेवंती उगीच आत दाबत बसल्या.

"निखिल लहान होता ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा त्याला सुई द्यायची असली की मी आधी कुल्फी घेऊन द्यायचे. नाक्यावर कुल्फी, मग डॉक्टर. दोन-तीनदा चाललं. मग मेला कुल्फी बघितली की रडायला लागायचा. हातात घ्यायचाच नाही."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं, बरोबर शनिवारच्या ओळीवर.

"आता तो मला कुल्फी देतोय. थायलंडची."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"संध्याकाळ मोकळी म्हणजे काय ठेवलंय?"

क्लायंटने सांगू नका म्हटलेलं आमच्या धंद्यात सांगायचं नसतं. आणि खोटं बोलायला जे पाठांतर लागतं ते माझ्याकडे नव्हतं.

"नको सांगू. तुझी नोकरी आहे." त्या पाणी प्यायल्या. "काय असेल ते असेल. बाहेर जात असेल, जागा विकू म्हणत असेल. मला कळत नाही असं नाही. पण शुक्रवार सगळा आणि शनिवार सगळा मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. आता सांगेल, मग सांगेल. आणि शेवटी ऐकायचं तेही उपाशीपोटी." त्या उठल्या. "निखिलला सांग, आई बघते म्हणाली."

बघते म्हणजे नाही, एवढं मराठी मला येतं.

सामंत सर केबिनमधून ऐकत होते. काकू गेल्यावर बाहेर आले. "काय झालं? चंद्र पण देऊन झाला ना?"

"सर, शनिवारचं डिनर शुक्रवारी घ्यावं असं वाटतंय."

"का? शेवटाकडे भारी काहीतरी ठेवायचं, हे तुला पहिल्या महिन्यात शिकवलंय. लोक जाताना शेवटचं लक्षात ठेवून जातात."

"हे लक्षात ठेवण्यासारखं डिनर नाहीये, सर. म्हणजे, आहे. पण तसं नाही."

"क्लायंटने शनिवार म्हटलं तर शनिवार. तरी तुला विचारायचं असेल तर विचार. पण तो उखडला आणि बुकिंग गेलं तर मला सांगायचं नाही की काकू बिचाऱ्या."

फोन करण्याआधी मी वाक्य मराठीत तयार केलं. इंग्रजीत ते फार सोपं वाटत होतं, म्हणून मराठीत.

"शनिवारचं टेबल शुक्रवारी घेऊ या का?" मी निखिलला म्हटलं. "शनिवारी त्यांना उपास आहे. चंद्र उगवेपर्यंत त्या जेवणार नाहीत. त्याआधी तुम्ही बोललात तर उपाशीपोटी ऐकतील. नंतर बोललात तर जेवणार नाहीत."

मग तो म्हणाला, "पण शुक्रवारी सांगितलं तर पूर्ण ट्रिप खराब होईल तिची. मला तिला दोन दिवस तरी मस्त द्यायचे होते."

"शनिवारी सांगितलं तर त्यानंतर रविवार एकच राहतो," मी म्हटलं. "शुक्रवारी सांगितलं तर दोन दिवस राहतात. रागवायला, विचारायला. चंद्र बघायला. तुम्ही तिथेच असाल."

"ती काही बोलली का तुम्हाला?"

"त्यांना शनिवारी उपास आहे," मी परत म्हटलं. ते खरं होतं.

तो म्हणाला, "मलाही दोन दिवस ते पोटात घेऊन फिरायचं जिवावरच आलं होतं." आणि मग, "ठीक आहे. शुक्रवार करा."

पुढच्या वेळी दोघं आले तेव्हा मी काकूंपुढे बदललेला कागद ठेवला. शुक्रवार: रात्रीचं जेवण, पाण्याजवळ. शनिवार: चंद्रोदय, स्थानिक वेळेनुसार. काकूंनी चष्मा पुसून दोन्ही ओळी वाचल्या. निखिल कार्डाचा पिन टाकत होता.

"मग शनिवारी फक्त चंद्र ना?" त्यांनी मला विचारलं.

"फक्त चंद्र."

"येते," त्या म्हणाल्या.

त्या शनिवारी मी घरीच होते. आठ वाजल्यापासून माझं लक्ष फोनकडे होतं, थायलंडचं घड्याळ डोक्यात धरून. जाताना काकूंनी माझा नंबर घेतला होता, चंद्र नाही दिसला तर कुणाला बोलायचं म्हणून. मेसेज आला तो एका फोटोचा. हललेला, अंधारा. खाली क्षितिजाच्या रेषेवर हिरवे दिवे होते. तिथल्या माकूळ पकडणाऱ्या होड्यांचे असतात. त्यांच्या वर एक नारिंगी डाग. खाली एकच शब्द: दिसला.

शुक्रवारी काय झालं ते फोटोत नव्हतं.

ते मला पुढच्या आठवड्यात कळलं, तेही जेवढं काकूंनी सांगितलं तेवढंच. त्या ऑफिसात आल्या, वाळवलेल्या आंब्याचं पाकीट टेबलावर ठेवलं. स्वाती परत आली होती, पण त्या सरळ आत माझ्या खुर्चीपाशी आल्या.

"शुक्रवारी मी जेवले नाही," त्या म्हणाल्या. "ताट तसंच. त्याच्याशी बोललेही नाही. शनिवारी तर उपासच होता, तेव्हा जेवत का नाहीस असं त्याला विचारता येईना." त्या हसल्या. "पण मग चंद्र आला. पाण्यातनं. आधी मला वाटलं कुठल्या तरी होडीला आग लागली. मी पाया पडले, बाजूला बघते तर हा पण हात जोडून उभा. दिवसभर काही खाल्लं नव्हतं त्याने. मला न सांगता. मग दोघांनी मिळून उपास सोडला."

"आणि रविवारी?"

"रविवारी भांडलो. पोटभर."

सामंत सर अजूनही म्हणतात की शेवटची रात्र भारी ठेवायची, आणि ज्या ट्रिपमध्ये नुसती मजा आहे तिथे ते बरोबरच आहे. पण कुणी मला पाण्याजवळचं शांत टेबल मागितलं की मी आधी पहिली रात्र सुचवते. कारण विचारत नाही. समुद्र नंतर ठेवते, तो थांबतो.

काकू जायला उठल्या आणि परत बसल्या.

"एक काम होतं. तुमच्या पॅकेजमधलं नाही."

"सांगा ना."

"मेलबर्नला संकष्टीचा चंद्र किती वाजता उगवतो?"

म्हणजे निखिलने शुक्रवारी सांगितलं ते मेलबर्न. मी शोधायला लागले. तिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, म्हणून या वेळी नुसती बेरीज न करता नीट बघितलं. बघताना एक गोष्ट समोर आली. सांगावी की नाही कळेना, मग सांगितली.

"काकू, तो भाग पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात येतो. तिथून चंद्र उलटा दिसतो."

"उलटा तर उलटा," काकू म्हणाल्या. "तू वेळ सांग."