मी वृद्धाश्रमातला अन्याय मोडून काढते

तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा! पण मी हे सांगतेय ते रागानेच, त्यामुळे चहा गार झाला तरी चालेल, मध्ये बोलायचं नाही.

चामराजपेटेतल्या एका वृद्धाश्रमाला पंचवीस वर्षं झाली. रौप्यमहोत्सव! आमच्या व्हाइटफील्डच्या सोसायटीतून मदतीला कोण जाणार, तर मी. नवरा म्हणाला, "जा, पण तिथे कुणाशी भांडू नकोस." बघा! जणू मी भांडायलाच जाते.

दीड तास कॅबमध्ये घालवून पोहोचले. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात डोकावले आणि माझं डोकंच फिरलं. आठ आज्या पुरणपोळ्या करत होत्या! पाहुण्यांसाठी! ऐंशी ओलांडलेल्या शारदक्का घामाघूम होऊन पुरणयंत्राचा दांडा फिरवतायत आणि दोन धडधाकट मदतनीस बायका भिंतीला टेकून उभ्या. ज्यांचा उत्सव, त्यांनाच राबवायचं? तुम्ही गप्प बसला असतात?

"अक्का, कुणी बसवलं तुम्हाला इथे?"

"कुणी बसवायचं ग? स्वल्प बाजूला हो, उजेड अडतोय."

घाबरल्यात, मी ठरवून टाकलं. "भिऊ नका अक्का, मी आहे ना!"

"तू हाईस म्हणूनच भ्या वाटायलंय," शेजारची आजी पुटपुटली.

ते मी मनावर घेतलं नाही. फोटो काढला, 'वेठबिगारी!' असं लिहून सोसायटीच्या आणि देणगीदारांच्या ग्रुपवर टाकला, आणि तशीच मॅनेजर गुंडूअण्णांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. ते तोंड उघडायचे, मी आवाज चढवायची. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. देणगीदार!

दहा मिनिटांत स्वयंपाकघराला कुलूप. पोळ्या रद्द, केटररकडून गुलाबजाम. आज्या पिठाचे हात घेऊन रांगेने बाहेर आल्या. मी मात्र दारात छाती फुगवून उभी. कुणी साधे आभार मानेना, तेव्हा तर मला आणखीनच राग आला.

मग त्या मदतनीसांपैकी एक म्हणाली, "मॅडम, हे काय केलंत? तीन महिने भांडून परवानगी मिळवली होती त्यांनी. इथे आल्यापासून गॅसला हात लावू देत नाहीत त्यांना. अक्कांची नात आज हैदराबादहून येतेय. आजीच्या हातची पोळी तिने जन्मात खाल्ली नाही."

"मग तुम्ही दोघी नुसत्या उभ्या का होतात?"

"मध्ये हात घातलात तर लाटण्याने मारीन म्हणाल्या अक्का!"

आता मला सांगा, एवढी मोठी गोष्ट कुणी दारावर लिहून ठेवायला नको? चूक माझी, मान्य. पण एकटीचीच?

पुन्हा धावले. "गुंडूअण्णा, कुलूप उघडा! करू द्या त्यांना पोळ्या!"

"नको मॅडम. देणगीदार काय म्हणतील?"

"मी सांगतेय ना! माझं ऐकायला काय होतं तुम्हाला?"

"सकाळी ऐकलं ना, मॅडम!"

तडक उत्सवाच्या मंडपात गेले, माइक हिसकावला आणि एव्हाना जमलेल्या सगळ्या देणगीदारांसमोर सांगून टाकलं, की आज्यांना कुणीही राबवत नव्हतं, त्या हौसेने करत होत्या आणि गाढवपणा सर्वस्वी माझा आहे. आयुष्यात पहिल्यांदा माफी मागितली, तीही लाउडस्पीकरवर! नवरा तिथे नव्हता, एवढंच नशीब.

देणगीदारांनी माना डोलावल्या. गुंडूअण्णांनी खिशातून किल्ली काढली. "सरी, सरी. बरं, उघडतो."

जेवणं दोन तास लांबली. पण शारदक्कांची नात ओट्याशी उभी राहून तव्यावरची गरम पोळी खात होती, तूप पार कोपरापर्यंत ओघळलेलं. एक झाली, दुसरी झाली, तिसरी मागितली. अक्का लाटणं हातात धरून नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. खरं सांगते, मला भरून आलं.

आणि भूकही लागली होती. सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नाही! पंगतीत जाऊन बसले. वाढायला स्वतः शारदक्का. माझ्या पानाशी आल्या आणि थांबल्या.

"तुला कशी वाढू ग? म्हातारीला राबवून केलेली पोळी तुझ्या घशाखाली उतरंल काय?"

"अक्का, अहो..."

"नको ग बाई. पाप लागंल आम्हाला." आणि आत वळून त्यांनी हाक मारली, "ते गुलाबजामचं पातेलं आणा इकडं. हिला वाढा. पोटभर वाढा!"

सगळी पंगत पुरणपोळ्यांवर तुटून पडली होती. मी सहा गुलाबजाम खाल्ले. आणि दर गुलाबजामाला एक एक आजी वाकून, अगदी काळजीने विचारून जायची, "अन्याय न्हाई ना होत तुझ्यावर?"