मेहुलचा उलटा बाण

सालवडमध्ये लोक हेमांगीला अजून 'डेटा उडवणारी' म्हणायचे. तारापूरच्या एका केमिकल कंपनीत ती कॉम्प्युटर सांभाळायची. तिथल्या मेहुलने एकदा तिने दिलेला बॅकअप परत चढवताना कमांडमधला '<' हा बाण उलटा टाकला. बाण फाइलकडून डेटाबेसकडे हवा, याचा डेटाबेसकडून फाइलकडे. एंटर दाबताक्षणी बॅकअप साफ! आणि हा साळसूदपणे म्हणाला, "हेमांगीने फाइलच रिकामी दिली." साहेबांनी तिला घरी बसवलं. बोईसरात तिला कुणी कामावर घेईना.

शेवटी नवापूरच्या मच्छीमार संस्थेने घेतलं. मासेमारीची बंदी उठायच्या तोंडावर तिथला सर्व्हर बसला. कुठल्या बोटीला किती डिझेल, सगळं त्यातच. सॉफ्टवेअरवाल्यांनी माणूस पाठवला, तो नेमका मेहुल, आता त्यांच्याकडे नोकरीला! हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती गोड हसली. मूळ बॅकअप स्वतःकडे ठेवून तिने त्याला फक्त प्रत दिली.

मेहुलने कमांड लिहिली. बाण पुन्हा उलटा! गडी काडीचं शिकला नव्हता. ती एक शब्द बोलली असती, तर तो वाचला असता. दाब मेल्या, दाब, ती मनात म्हणाली. त्याने दाबलं. स्क्रीन ढिम्म. "मोठी फाइल आहे, वेळ लागतो," तो म्हणाला. वाट पाहून कंटाळल्यावर त्याने फाइल उघडली, तर आत काहीच नाही.

"मॅडमनी रिकामी फाइल दिली," तो चेअरमन कृष्णकांतकाकांना म्हणाला.

हेमांगीने पुढे होऊन त्याची शेवटची कमांड स्क्रीनवर आणली, बाण काकांना समजावला आणि मूळ बॅकअप चढवून दाखवला. बोटींची नावं परत आली.

काका भडकले. "सोता पुसलास आन नाव पोरीचं घेतोस?"

"आदीपण घेतलंय, काका," हेमांगी म्हणाली. "तारापूरच्या कंपनीत. आता जुन्या साहेबांना खरं सांगूदे. सगळ्यांसमोर."

"लाव फोन! नायतर तुज्या मालकाला मी लावतो."

मेहुलने साहेबांना फोन लावून स्पीकरवर सगळं कबूल केलं. पलीकडे साहेब हसले. "अरे, ते मला तेव्हाच कळलं होतं. तू माझ्या मेहुण्याच्या ओळखीचा, म्हणून तिला काढलं. आता कशाला उकरतोस?"

हेमांगीला वाटलं होतं, आज आपला सूड पुरा होईल. तो तर आता कुठे सुरू होत होता.

"काका, मला उद्या सुट्टी हवी," ती म्हणाली. "पाळी सुटताना कंपनीच्या गेटवर उभी राहणार हाय. याला घेऊन. आन साहेब सगळ्यांदेखत हेच परत बोलत नाय, तोवर हलणार नाय."